सौरवाऱ्यातल्या टकरा आणि तापमानातले फरक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईतले एमएस्सीचे प्रकल्प करणारे विद्यार्थी आणि हौशी आकाशनिरीक्षक यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सौरवारा म्हणजे सूर्यातून सतत बाहेर वाहणारा भारित कणांचा प्रवाह. पहिले चार कुणालाही समजतील. पाचव्यापासून आकडेमोड सुरू होते. तिथे कागद-पेन्सिल किंवा पायथन जवळ असलेले बरे.

१. सौरवारा इतका विरळ असतो, मग त्यात टकरा होतातच कशा?

कॅरमसारख्या होत नाहीत. स्ट्रायकरने सोंगटीला मारावे तशी समोरासमोरची धडक इथे जवळपास नसतेच. दोन भारित कण एकमेकांपासून बरेच दूर असले तरी कूलंब बलामुळे (भारांमधल्या विद्युत बलामुळे) एकमेकांचा मार्ग किंचित वळवतात. संध्याकाळी दादरच्या पुलावरून चालताना कुणी धडकत नाही, पण शंभर खांदे लागून माणूस भलतीकडेच सरकलेला असतो, तसे. अशा बारीक बारीक वळणांची बेरीज होऊन कणाची मूळ दिशा आणि ऊर्जा बरीच बदलली, की हिशेबात ‘एक टक्कर’ धरतात.

पृथ्वीजवळच्या सौरवाऱ्यात एका घनसेंटिमीटरमध्ये साधारण ५ ते १० प्रोटॉन असतात. आपल्या आजूबाजूच्या हवेतला रेणू मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतकेही अंतर न आदळता कापत नाही. सौरवाऱ्यातला इलेक्ट्रॉन मात्र सूर्य-पृथ्वी अंतराच्या तोडीचा प्रवास करतो तेव्हा कुठे त्याची एक टक्कर पुरी होते. म्हणून ‘टकरा आहेत की नाहीत’ हा प्रश्नच फसवा आहे. किती झाल्या, हे विचारावे (प्रश्न ५).

२. जवळजवळ रिकाम्या जागेत ‘तापमान एक लाख केल्विन’ म्हणजे काय? यान वितळत कसे नाही?

इथे तापमान म्हणजे कणांच्या वेगांतला पसारा. सगळा वारा सेकंदाला ४०० किलोमीटरने वाहत असेल, तर त्या सरासरीभोवती प्रोटॉनांचे वेग साधारण ४० किलोमीटरने मागेपुढे विखुरलेले असतात. या विखुरण्याचा वर्ग तापमान ठरवतो, वाहण्याचा वेग नाही. कण इतके थोडे असतात की त्यांनी यानाला दिलेली उष्णता नगण्य ठरते. यान तापते ते सूर्यप्रकाशाने.

३. एकाच वाऱ्यात प्रोटॉन, अल्फा आणि इलेक्ट्रॉन यांची तापमाने वेगवेगळी कशी राहू शकतात?

एका पातेल्यातले पाणी आणि त्यातला चमचा थोड्या वेळात सारखेच गरम होतात, कारण टकरा अब्जावधी असतात. सौरवाऱ्यात तेवढा वेळच मिळत नाही. सूर्याजवळ लहरी आणि खळबळ यांमुळे जड आयनांना जास्त ऊर्जा मिळते. वेगवान वाऱ्यात (सेकंदाला ५०० किलोमीटरच्या वर) अल्फा कण, म्हणजे हेलियमची केंद्रके, प्रोटॉनांच्या चौपट किंवा त्याहून जास्त गरम आढळतात. अल्फाचे वस्तुमानही चौपट आहे, तेव्हा दोघांच्या वेगांचा पसारा जवळपास सारखाच ठरतो. संथ, दाट वाऱ्यात हेच गुणोत्तर १ च्या आसपास येते. इलेक्ट्रॉनांचे गणित निराळे आहे, ते प्रश्न ११ मध्ये.

४. म्हणजे टकरांमुळे वारा तापतो?

नाही. टकरा ऊर्जा वाटतात, नवी आणत नाहीत. अपवाद एकच: अल्फा आणि प्रोटॉन यांच्या सरासरी वेगांत फरक असेल, तर घर्षणाने त्या फरकाची ऊर्जा उष्णतेत जाते (प्रश्न १४).

५. ‘टकरांचे वय’ ही काय भानगड आहे?

वारा सूर्यापासून आपल्यापर्यंत येताना घेतलेला वेळ गुणिले टक्कर-दर. वय १ पेक्षा बरेच कमी असेल तर वाऱ्याने सूर्याजवळचे तापमान-फरक जसेच्या तसे आणले आहेत. १ च्या बरेच वर असेल तर ते पुसले गेले आहेत. वर्षांत मोजायचे हे वय नव्हे, निव्वळ संख्या आहे. आणि प्रत्येक जोडीचे वय वेगळे असते: अल्फा-प्रोटॉनचे एक, इलेक्ट्रॉन-प्रोटॉनचे दुसरे. अहवालात नुसते ‘वय ०.३’ लिहून सोडणे ही सर्रास आढळणारी चूक आहे. कोणत्या जोडीचे, ते लिहायलाच हवे.

६. अल्फा-प्रोटॉन टक्कर-दर हाताने कसा काढायचा?

प्लाझ्माच्या (भारित कणांच्या वायूच्या) नेहमीच्या सूत्रसंग्रहातले तापमान-समतोलाचे सूत्र घ्या आणि त्यात वस्तुमाने व भार आधीच घालून टाका. दर दिवसाच्या हिशेबात ते असे उरते:

टक्कर-दर = ०.०९६ × प्रोटॉन-घनता × कूलंब लॉगॅरिदम ÷ (४ × प्रोटॉन-तापमान + अल्फा-तापमान) चा दीड घात

घनता दर घनसेंटिमीटर, तापमाने इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये (१ म्हणजे ११,६०४ केल्विन), पुढचे वेग सेकंदाला किलोमीटरमध्ये. कूलंब लॉगॅरिदम म्हणजे जवळच्या-दूरच्या सगळ्या बारीक वळणांची बेरीज हिशेबात आणणारी, फार न बदलणारी संख्या. तीन नमुने करून पाहू.

मध्यम संथ वारा: वेग ४००, घनता ८, प्रोटॉन ५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, अल्फा २०, लॉगॅरिदम २४.१. कंसातली बेरीज ४०, तिचा दीड घात २५३. दर दिवसाला ०.०७३ येतो. प्रवास ४.३३ दिवसांचा, म्हणून वय ०.३२.

दाट, थंड, संथ वारा: वेग ३५०, घनता १५, प्रोटॉन ३, अल्फा ६, लॉगॅरिदम २२.७. दर ०.४३, प्रवास ४.९५ दिवस, वय २.१.

वेगवान वारा: वेग ६५०, घनता ३, प्रोटॉन २०, अल्फा ९०, लॉगॅरिदम २६.८. दर ०.००३५, प्रवास २.६६ दिवस, वय ०.००९.

पहिल्या दोन ओळींत वेगाचा फरक फक्त ५० किलोमीटरचा आहे, पण वय साडेसहा पट बदलले. वेगवान आणि दाट यांच्यात तर दोनशेपटींहून जास्त अंतर आहे. हे सगळे मुख्यतः तापमानाच्या दीड घातामुळे.

७. पृथ्वीजवळची घनता आणि तापमान संपूर्ण प्रवासाला लावले तर चालते का?

ढोबळ अंदाजाला चालते, मॉडेलला नाही. सूर्याजवळ घनताही जास्त आणि तापमानही जास्त. घनता अंतराच्या वर्गाने घटते. तापमान जर निव्वळ प्रसरणाने घटत असते, तर अंतराच्या −४/३ व्या घाताने घटले असते. तसे झाले असते तर दोन्ही परिणाम एकमेकांना नेमके छेदून टक्कर-दर सगळीकडे सारखाच राहिला असता. ही योगायोगाची गंमत कोड तपासायला फार उपयोगी पडते: घातांक −४/३ द्या, ०.१ ते १ खगोलीय एकक (१ म्हणजे सूर्य-पृथ्वी अंतर) एवढा पल्ला घ्या, उत्तर स्थानिक वयाच्या ०.९ पटच यायला हवे.

प्रत्यक्षात वाटेत उष्णता मिळत राहते. १९७४ च्या डिसेंबरमध्ये आणि १९७६ च्या जानेवारीत गेलेल्या हेलिऑस यानांच्या मोजणीतून प्रोटॉनांचे तापमान सुमारे −०.७ ते −०.९ व्या घाताने घटताना दिसले. −०.७५ धरला तर ०.१ ते १ एककापर्यंतची बेरीज स्थानिक वयाच्या बरोबर दुप्पट येते, सुरुवात ०.३ पासून केली तर १.१ पट. म्हणजे सुरुवात कुठून केली हे न सांगता वय सांगण्यात अर्थ नाही.

८. वय कळले. त्यावरून अल्फा-प्रोटॉन तापमान-गुणोत्तर कसे काढायचे?

इथे घातांकी घट लावून मोकळे होण्याचा मोह होतो. तो टाळा. गुणोत्तर बदलले की दर स्वतःच बदलतो. भाजकात अल्फाचे तापमान आहे. अल्फा थंड झाले की भाजक लहान, दर मोठा. गुणोत्तर ५ वरून १ वर येईपर्यंत दर २.४ पट होतो. उतारावर सुटलेल्या हातगाडीसारखे हे काम आहे.

पायरीपायरीने असे करा. गुणोत्तराचा बदल = टक्कर-दर × (१ − गुणोत्तर) × (१ + अल्फा-संख्याप्रमाण × गुणोत्तर) × वेळ. शेवटचा कंस प्रोटॉन किंचित तापतात त्याचा. अल्फा ४ टक्के असतील तर तो १.२ च्या आतच राहतो, पण विसरू नका. अंतराच्या पायऱ्या समान न घेता लॉगॅरिदमी घ्या, सूर्याजवळ बारीक. प्रत्येक पायरीला घनता, तापमान आणि दर नव्याने काढा.

०.१ एककावर गुणोत्तर ५ धरून सुरू केले तर प्रश्न ६ मधले तीन वारे पृथ्वीजवळ असे पोहोचतात: वेगवान ४.९, मध्यम संथ सुमारे २.९, दाट संथ सुमारे १.०४. दर सुरुवातीच्याच आकड्यावर गोठवला असता तर दाट वाऱ्याचे उत्तर १.३ आले असते. पृथ्वीजवळच्या निरीक्षणांत १ पाशी आणि ४-५ पाशी अशी दोन शिखरे का दिसतात, याचे उत्तरही बरेचसे इथेच आहे. एकदा घसरण सुरू झाली की वारा मधल्या आकड्यांवर फार रेंगाळत नाही, १ पाशी जाऊन थांबतो.

९. कूलंब लॉगॅरिदम सरसकट २४ घेतला तर?

फार बिघडत नाही. वरच्या तीन टोकाच्या उदाहरणांत तो २२.७ ते २६.८ एवढाच हलला, म्हणजे चूक १२ टक्क्यांच्या आत. लॉगॅरिदमवर दोन दिवस घालवून तापमानाची मोजणी तशीच वापरणारे खूप भेटतात. मेहनत तापमानावर करा.

१०. माझे वय सगळीकडे जवळजवळ तिप्पट कमी (किंवा जास्त) येते. कोड तर बरोबर दिसतो. चूक कुठे?

आधी औष्णिक वेगाची (प्रश्न २ मधल्या वेगांच्या पसाऱ्याची) व्याख्या पाहा. काही डेटा-संच २kT/m चे वर्गमूळ देतात, काही kT/m चे. विंड यानाच्या (सौरवारा मोजणारे नासाचे यान, प्रश्न १३) संचात पहिली व्याख्या आहे: ४० किलोमीटर औष्णिक वेग म्हणजे सुमारे ९७ हजार केल्विन. २ विसरलात तर तापमान दुप्पट, आणि दीड घातामुळे दर २.८ पट कमी. तुमचे ‘जवळजवळ तिप्पट’ बहुधा हेच.

चूक त्याहून प्रचंड असेल तर एकक पाहा: १ इलेक्ट्रॉन-व्होल्ट म्हणजे ११,६०४ केल्विन.

तिसरी चूक जास्त खोडकर आहे. मोजणी नसलेल्या ठिकाणी डेटा-फायलीत ९९९९९.९ सारखा भरीचा आकडा असतो. तो औष्णिक वेग म्हणून घुसला की तापमान अफाट, वय जवळपास शून्य, आणि आलेखात हे बिंदू छान ‘टक्करमुक्त वारा’ म्हणून बसतात. त्रुटी दिसत नाही, उलट निष्कर्ष अधिक ठाशीव वाटतो. फाईल वाचल्याबरोबर सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा छापून पाहण्याची सवय ठेवा.

११. इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन यांना हेच सूत्र चालेल?

सूत्राचा सांगाडा तोच, आकडे फार वेगळे. इलेक्ट्रॉन प्रोटॉनाच्या १८३६ वा भाग इतका हलका, त्यामुळे प्रत्येक भेटीत ऊर्जेची देवघेव नगण्य होते. प्रश्न ६ मधल्या मध्यम संथ वाऱ्यात इलेक्ट्रॉन १० इलेक्ट्रॉन-व्होल्ट धरले तर या जोडीचे स्थानिक वय ०.००८ येते, अल्फा-प्रोटॉनच्या चाळिसाव्या भागाइतके. म्हणून पृथ्वीजवळ इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन यांची तापमाने जुळली तर श्रेय टकरांना देऊ नका.

इलेक्ट्रॉनांच्या आपसातल्या टकरा मात्र बऱ्याच होतात, आणि कमी ऊर्जेचा गाभा त्यांमुळे दिशांच्या बाबतीत गोलसर होतो. जास्त ऊर्जेचे इलेक्ट्रॉन त्यातून निसटतात आणि चुंबकीय रेषेवरून अरुंद झोतात पुढे जातात. सगळ्यांना मिळून एकच तापमान देणे ही सोय आहे, वास्तव नाही.

१२. अल्फाचे तापमान कधी कधी वेड्यासारखे उडते. उपकरण बिघडले आहे का?

सहसा नाही. फॅरेडे कप (यानावरचे, येणारे भारित कण पकडून मोजणारे उपकरण) ऊर्जा-प्रति-भार मोजतो. अल्फाचे वस्तुमान चौपट आणि भार दुप्पट, म्हणून त्याच वेगाने आलेले अल्फा प्रोटॉनांच्या दुप्पट ऊर्जा-प्रति-भारावर दिसतात. थंड वाऱ्यात दोन शिखरे सुटी असतात. गरम वाऱ्यात प्रोटॉनांची शेपटी अल्फाच्या शिखरात शिरते, आणि प्रोटॉनांचा वेगळा पुढे धावणारा झोत असेल तर जुळणी करणारा (मोजणीवर वक्र बसवणारा) प्रोग्रॅम त्यालाच अल्फा समजतो. जुळणीचा त्रुटी-निर्देशांक पाहून असे नमुने गाळा. किती टक्के गाळले तेही लिहा, कारण गाळलेले बहुतेक वेगवान वाऱ्याचे असतात आणि उरलेला संच संथ वाऱ्याकडे झुकतो.

१३. डेटा कुठला घ्यावा? आदित्य-एल१ चा चालेल का?

लांब पल्ल्याच्या आकडेवारीला विंड. नोव्हेंबर १९९४ मध्ये सुटलेल्या या यानाचा संच दीर्घ आहे आणि अल्फाची स्वतंत्र जुळणी त्यात मिळते. सूर्याजवळची सुरुवातीची स्थिती बघायला नासाचे पार्कर सोलर प्रोब हे यान. २४ डिसेंबर २०२४ ला ते सूर्याच्या पृष्ठभागापासून ६१ लाख किलोमीटरवर गेले. मात्र त्याच्या आयन-उपकरणाचे दृष्टिक्षेत्र उष्णतारोधक ढालीने अंशतः झाकले जाते, म्हणून वितरणाचा गाभा दिसतो आहे ना हे प्रत्येक नमुन्याला तपासावे लागते.

आदित्य-एल१ २ सप्टेंबर २०२३ ला सुटले आणि ६ जानेवारी २०२४ ला एल१ (पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेला असलेला समतोल बिंदू) भोवतीच्या कक्षेत बसले. त्यावरचा आस्पेक्स हा अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेचा संच प्रोटॉन आणि अल्फा मोजतो. डेटा इस्रोच्या प्रदान पोर्टलवर मिळतो. विंडही एल१ परिसरातच असल्याने दोन्हींचे एकाच दिवसाचे आकडे शेजारी ठेवून पाहणे, हा एमएस्सीच्या प्रकल्पासाठी अगदी बेताचा विषय आहे.

१४. अल्फा प्रोटॉनांपेक्षा वेगाने पळत असतील तर?

वेगवान वाऱ्यात ते चुंबकीय रेषेच्या दिशेने खरोखरच पुढे असतात, जास्तीत जास्त आल्फवेन वेगाच्या (चुंबकीय रेषेवरून लहर ज्या वेगाने जाते त्या वेगाच्या) आसपास. प्रश्न ६ चे सूत्र हा फरक शून्य धरते. फरक औष्णिक वेगाच्या तोडीचा झाला की कण एकमेकांना कमी वेळ भेटतात, देवघेव मंदावते, आणि घर्षणाची उष्णता वेगळी धरावी लागते.

मोजताना एक खड्डा आहे. यानाला बहुधा सूर्य-रेषेच्या दिशेतला फरक मिळतो आणि आपण त्याला कोनाच्या कोसाइनने भागतो. चुंबकीय क्षेत्र त्या रेषेला जवळजवळ काटकोनात असेल तर शून्याच्या जवळच्या आकड्याने भागाकार होतो आणि शेकडो किलोमीटरचा बनावट फरक निघतो. ७० अंशांपलीकडचे नमुने सोडून द्यावेत.

१५. चुंबकीय क्षेत्राला समांतर आणि काटकोनातली तापमाने वेगळी असतील तर कोणते घालायचे?

वयासाठी सरासरी: दोन भाग काटकोनातले, एक भाग समांतर, भागिले तीन. एकाच दिशेतून मोजणाऱ्या कपाचे ‘तापमान’ क्षेत्राच्या दिशेवर अवलंबून कधी समांतर असते, कधी काटकोनातले, हे ध्यानात ठेवा.

टकरा नसत्या आणि क्षेत्र सूर्यापासून सरळ बाहेर जात असते, तर ०.३ ते १ एककात काटकोन-समांतर गुणोत्तर ११ पटींनी घसरले असते. तेवढे घसरत नाही. थोडे श्रेय टकरांचे, बरेचसे तापवणाऱ्या लहरींचे आणि गुणोत्तराला मर्यादेत ठेवणाऱ्या अस्थिरतांचे.

१६. साधे समीकरण सोडून कणांचे सिम्युलेशन कधी करावे?

वितरणाचा आकार महत्त्वाचा असेल तेव्हाच. ताकिझुका आणि आबे यांची १९७७ ची पद्धत, म्हणजे एका खणातल्या (सिम्युलेशनमधल्या जागेच्या एका छोट्या तुकड्यातल्या) कणांच्या यादृच्छिक जोड्या लावून प्रत्येक जोडी थोडी वळवणे, आजही पहिली निवड आहे. पण तीन गोष्टी नडतात.

पहिली, काळाचे प्रमाण. ५ नॅनोटेस्ला चुंबकीय क्षेत्रात प्रोटॉनाची क्षेत्ररेषेभोवतीची एक गिरकी १३ सेकंदांची. प्रश्न ६ च्या मध्यम वाऱ्यात टक्कर-काळ सुमारे १४ दिवस, म्हणजे ९० हजार गिरक्या. एवढे कुणी चालवत नाही, टक्कर-दर कृत्रिमरीत्या वाढवतात. वाढवलेला दरही गिरकीच्या दरापेक्षा खूपच कमी राहिला पाहिजे.

दुसरी, अल्फांची संख्या. खणात १०० प्रोटॉन असतील तर ४ टक्क्यांनी फक्त ४ अल्फा येतात, त्यांतून तापमान काढणे हास्यास्पद. म्हणून कमी वजनाचे जास्त अल्फा घेतात, पण वजने असमान झाली की ऊर्जा प्रत्येक जोडीत जपली जात नाही, फक्त सरासरीने जपली जाते.

तिसरी, खणांच्या गोंगाटामुळे होणारी खोटी उष्णता. टकरा बंद करून, एकसमान प्लाझ्मावर तेवढाच वेळ कोड चालवा. गुणोत्तर हलले तर ते हलणे भौतिक नाही.

१७. सौरवादळाच्या काळातला डेटा ठेवावा का? आपल्या अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेच्या नोंदींशी याचा संबंध आहे का?

वगळा, किंवा वेगळा हाताळा. सूर्यावरून सुटलेल्या ढगांच्या आत प्रोटॉन विलक्षण थंड आणि हेलियम जास्त असू शकते, म्हणून वय फुगते; पण तो ढग प्रश्न ७ च्या नियमाने पसरत आलेला नसतो. वेगवान वारा मागून संथाला रेटतो त्या दाबलेल्या पट्ट्यातही ‘पूर्ण प्रवास एकाच वेगाने’ हे गृहीत कोसळते.

अलिबागशी संबंध दूरचा आहे. कुलाब्याच्या वेधशाळेने २ सप्टेंबर १८५९ ला पृथ्वीच्या आडव्या चुंबकीय क्षेत्रात सुमारे १६०० नॅनोटेस्लांची घसरण नोंदवली. पुढे मुंबईच्या विजेच्या ट्राम येणार म्हणून हे चुंबकीय काम अलिबागला गेले. तिथली सुई हलते ती वाऱ्याचा दाब आणि दक्षिणेकडे वळलेले चुंबकीय क्षेत्र यांमुळे. अल्फा चौपट गरम आहेत की नाहीत याचा तिला पत्ता नसतो.

१८. माझ्या काही नमुन्यांत अल्फा प्रोटॉनांपेक्षा थंड आहेत. टकरांनी असे होईल का?

नाही. टकरा गुणोत्तर १ पर्यंत आणतात, १ च्या खाली ढकलत नाहीत. आधी प्रश्न १२ ची जुळणी तपासा, विशेषतः प्रोटॉनांचा झोत गाभ्यात मिसळून प्रोटॉन-तापमान फुगले आहे का ते. त्यातून जे टिकतील त्यांना वेगळे कारण शोधावे लागेल.

१९. वय वाढले की गुणोत्तर घटते, आलेख सुंदर आला. टकरा सिद्ध झाल्या ना?

अजून नाही. प्रोटॉन-तापमान आलेखाच्या दोन्ही अक्षांत आहे, त्यामुळे परीक्षक पहिला आक्षेप तोच घेतील. त्याला उत्तर आहे: तापमान चुकून कमी मोजले गेले तर वय आणि गुणोत्तर दोन्ही वाढतात, जास्त मोजले गेले तर दोन्ही घटतात. म्हणजे ही चूक खऱ्या कलाच्या उलट दिशेने ओढते, कल निर्माण करत नाही.

दुसरा आक्षेप जड आहे. वेगवान आणि संथ वारे सूर्याच्या वेगवेगळ्या भागांतून येतात. त्यांचे सुरुवातीचे गुणोत्तरच वेगळे असेल तर टकरांशिवायही असाच आलेख येईल. म्हणून वेगाची अरुंद पट्टी घ्या, समजा ३८० ते ४२० किलोमीटर, आणि तेवढ्यातच गुणोत्तर वयाबरोबर घटते का पाहा. मग प्रत्येक नमुना प्रश्न ८ च्या समीकरणाने उलटा ०.१ एककापर्यंत न्या. पृथ्वीजवळची दोन शिखरे तिथे एकत्र येऊन एकच उरले, तर टकरांची बाजू भक्कम. उलटे नेताना गुणोत्तर १ च्या अगदी जवळचे नमुने मात्र घेऊ नका. १.०४ आणि १.०६ यांतला मोजणीच्या चुकीइतका फरक मागे जाताना कित्येक पटींनी फुगतो आणि सुरुवातीचा आकडा हवा तो निघू शकतो.